आधी बॅटरी, मग अँप्लिफायर

मुंबई-गोवा महामार्गाला माणगावात दोन मोठे रस्ते येऊन मिळतात. एक दिघी बंदर, श्रीवर्धन आणि म्हसळ्याकडून मोर्ब्यावरून येतो. दुसरा पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून निजामपूरमार्गे. १९९३ साली कोकण रेल्वेचा रोहा-वीर टप्पा सुरू झाला आणि गावाला स्टेशन मिळालं. रस्ते एकत्र येतात तिथे गाड्या थांबतात आणि गाड्या थांबतात तिथे पंक्चर, बॅटरी, वायरिंगची दुकानं उभी राहतात. कारटेप, स्पीकर आणि अँप्लिफायर बसवणारा, दुरुस्त करणारा माणूस या दुकानांच्याच ओळीत तयार झाला. त्याच्याकडे येणाऱ्या गाडीची तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्याची असते: अँप्लिफायर चालू होत नाही, दिवा लागत नाही, आवाज नाही. जाणता कारागीर हे ऐकून अँप्लिफायरला हात लावत नाही. आधी बॉनेट उघडायला सांगतो. बॅटरीची टोकं बघतो, बॅटरीजवळचा फ्यूज बघतो, मग काळी अर्थची तार, मग निळी रिमोटची तार. एवढं झाल्यावर, तेही गरज पडली तरच, डबा खोलतो. मला मांडायचं आहे ते हे की तपासणीचा हा क्रम म्हणजे या धंद्याच्या वाढीचा क्रम आहे. प्रत्येक पायरी एकेका काळात, एकेका जुन्या कामातून आली आणि पुढच्या काळाच्या कारागिराने ती न टाकता तिच्यावर आपली पायरी चढवली. या धंद्याचा इतिहास दप्तरांत शोधण्यापेक्षा सर्किटांत आणि हातांच्या सवयींत शोधला तर जास्त सापडतो.

पहिली पायरी बॅटरीची. भिरा हे गाव माणगाव तालुक्यातलं. मुळशी धरणाचं पाणी सह्याद्रीवरून खाली सोडून टाटांनी १९२७ पासून तिथे वीज तयार केली, पण ती मुंबईसाठी होती. कोकणातल्या खेड्यापाड्यांत वीज पोचवण्याचं मोठं काम १९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाल्यानंतरच्या दशकांतलं. म्हणजे जिथून महानगराला वीज जात होती त्याच मुलखात घरातला उजेड रॉकेलचा होता आणि रेडिओ असलाच तर तो बॅटरीवरचा. बॅटरी चार्ज करून देणं, तिच्यात डिस्टिल्ड वॉटर भरणं, हायड्रोमीटरने ॲसिड तपासणं, डायनामो आणि सेल्फ उघडून कार्बन ब्रश बदलणं हे हमरस्त्यावरच्या इलेक्ट्रिशियनचं मूळ काम. पुढे ज्याने गाडीत गाणं वाजवलं तो याच माणसाचा वारस. म्हणूनच त्याचा पहिला प्रश्न आवाजाचा नसतो, करंटचा असतो.

या वारशाचा सर्वात ठोस पुरावा म्हणजे टेस्ट लॅम्प. इंडिकेटरचा एकवीस वॅटचा बल्ब, त्याच्या होल्डरला दोन तारा, एकीला क्लिप आणि दुसरीला टोचणी. डिजिटल मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळू लागून बराच काळ लोटला, तरी वायरिंगवाल्याच्या हाताशी हा दिवा असतोच. बाहेरच्याला हे मागासलेपण वाटतं. प्रत्यक्षात ती समज आहे. मल्टिमीटर सप्लाय मोजताना जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. तारेच्या टोकावर कळंक चढला असेल आणि तिथे समजा दहा ओहमचा अडथळा तयार झाला असेल, तरी मीटर बिनदिक्कत १२.६ व्होल्ट दाखवतो. तिथेच बल्ब लावला तर तो पावणेदोन अँपिअर मागतो आणि त्याच्या वाट्याला निम्म्याहून कमी व्होल्टेज येतं. दिवा मिणमिणतो किंवा लागतच नाही. तार जिवंत आहे की नुसती जिवंत दिसते आहे, हे एका क्षणात कळतं. हेडलाइट आणि हॉर्नच्या काळातलं हे ज्ञान अँप्लिफायरच्या काळात अधिकच मोलाचं ठरलं, कारण हॉर्न क्षणभर करंट ओढतो तर मोठा अँप्लिफायर तासन् तास. पन्नास अँपिअर वाहत असताना जोडात ओहमचा फक्त विसावा भाग अडथळा असला तरी अडीच व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. आवाज वाढवला की अँप्लिफायर बंद आणि कमी केला की पुन्हा चालू, या खेळाचं मूळ बहुतेकदा डब्यात नसून अशा जोडात असतं.

याला लागूनच ट्रकची गोष्ट. महामार्गावरच्या अवजड ट्रकांना दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट सप्लाय असतो. गाण्याचं सामान १२ व्होल्टचं. दोनपैकी एकाच बॅटरीवरून सप्लाय घेतला की गाणं वाजतं, पण ती बॅटरी दुसरीपेक्षा जास्त उतरते, दुसरी जास्त चार्ज होते आणि काही महिन्यांत दोन्ही जातात. सरळ २४ व्होल्ट दिले तर अँप्लिफायर त्याच क्षणी जाऊ शकतो. गाडी कोणती, बॅटरी किती व्होल्टची, धक्का देऊन किंवा दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून चालू केली होती का, ही विचारपूस म्हणून आधी होते. उलट जोडणी झाली असेल तर अँप्लिफायरच्या दारातला संरक्षक डायोड स्वतः शॉर्ट होऊन फ्यूज उडवतो. फ्यूज बदलत राहिलं तर तो उडतच राहतो. कुणी फ्यूजच्या जागी तार गुंडाळली तर डायोडपाठोपाठ सर्किटच्या पट्टीवरचा तांब्याचा मार्गही जळतो.

दुसरी पायरी अर्थची, आणि ती कोकणाच्या हवेने शिकवली. गाडीचा पत्रा हीच परतीची तार, हे तत्त्व जगभर सारखं. पण इथे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि म्हसळा-श्रीवर्धनकडच्या गाड्या खारी हवा खाऊन येतात. रंगावरून घट्ट केलेला स्क्रू, सीटच्या नटाखाली दाबलेली तार, गंजलेल्या पत्र्याला मारलेलं रिव्हेट हे कोरड्या मुलखात वर्षानुवर्षं चालून जातं. इथे एक पावसाळा काढत नाही. म्हणून इथला चांगला कारागीर पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासतो, लग सोल्डर करतो, दातेरी वॉशर घालून नट आवळतो आणि वरून ग्रीस किंवा रंग लावतो. अँप्लिफायर सीटखाली किंवा डिकीत असल्यामुळे गाडीत पाणी शिरलं की तोच आधी भिजतो. २२ जुलै २०२१ च्या महाडच्या पुरासारखा प्रसंग आला की सर्व दुरुस्त्यांना एकाच वेळी चिखल लागतो. तेव्हा भिजलेला अँप्लिफायर चालू करून बघायचा मोह आवरणं हीच पहिली दुरुस्ती असते. आधी तारा काढायच्या, पट्टी धुवायची, पूर्ण वाळवायची, मगच सप्लाय.

तिसरी आणि चौथी पायरी समजायला गाडीतल्या गाण्याचा मोठा इतिहास थोडा आठवावा लागतो. शिकागोच्या गॅल्विन कंपनीने १९३० साली मोटोरोला नावाने कार रेडिओ विकायला काढला. त्या काळच्या व्हॉल्व्हला शेकडो व्होल्ट लागत आणि गाडीकडे होते सहा. त्यामुळे लवकरच कार रेडिओत व्हायब्रेटर आला: थरथरणारी पत्ती बॅटरीचा करंट तोडून-जोडून ट्रान्सफॉर्मरला देई, तिथून व्होल्टेज वाढे आणि मग ते पुन्हा सरळ केलं जाई. पत्तीचे संपर्क चिकटले की फ्यूज उडे आणि रेडिओ मुका होई. पन्नाशीच्या दशकात ट्रान्झिस्टर आला, त्याला बॅटरीचं व्होल्टेज पुरू लागलं आणि व्हायब्रेटर अडगळीत गेला. तो कायमचा गेला असं तेव्हा वाटणं साहजिक होतं. पण पुढे तीच युक्ती नव्या अंगाने परत आली.

कोकणात गाडीतलं गाणं सर्वसामान्यांचं झालं ते कॅसेटमुळे. फिलिप्सने १९६३ साली आणलेली कॅसेट ऐंशीच्या दशकात स्वस्त झाली. म्हसळा, श्रीवर्धन, मोर्बा, गोरेगाव या पट्ट्यातून आखाती देशांत नोकरीला गेलेली माणसं सुट्टीवर येताना टू-इन-वन आणि कारटेप घेऊन येत. मुंबईचे चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला येताना नव्या कॅसेटी आणत. जीप, ट्रॅक्स, नंतर विक्रम आणि मिनीडोअर अशा वडापच्या गाड्यांत कोळीगीतं आणि शक्ती-तुऱ्याच्या बाऱ्या वाजू लागल्या. गाडी भरायची तर गाणं हवं, हे चालकांनी ओळखलं. इंजिनाच्या घरघरीवर आवाज चढवायला मग बूस्टर आला, आणि बूस्टर म्हणजे बहुतेक वेळा सान्यो कंपनीची एलए ४४४० ही चिप. दुकानात तिला नुसतं ‘चव्वेचाळीस चाळीस’ म्हटलं की पुरे. दोन बाजूंना सहा-सहा वॅट, किंवा दोन्ही बाजू जोडून एकोणीस वॅट, एवढीच तिची ताकद.

ही मर्यादा चिपची नव्हती, बॅटरीची होती, आणि इथे थोडं गणित करायलाच हवं. इंजिन चालू असताना गाडीत सुमारे १४.४ व्होल्ट असतात. चार ओहमच्या स्पीकरला एका बाजूने चालवलं तर त्यातून कागदावरसुद्धा साडेसहा वॅटच्या वर निघत नाही. दोन्ही टोकांनी चालवलं तर पंचवीस-सव्वीस. त्याच स्पीकरवर यापुढे जायचं तर व्होल्टेज वाढवण्यावाचून दुसरा मार्ग नाही. १९९१ नंतर आयातीची दारं किलकिली झाली आणि १ एप्रिल २००१ पासून ग्राहकोपयोगी मालावरचे उरलेसुरले परिमाणात्मक निर्बंध गेले. त्यानंतर बाजारात आलेल्या मोठ्या अँप्लिफायरांत हीच सोय होती: टीएल ४९४ सारखी चिप मॉस्फेट जातीच्या ट्रान्झिस्टरांच्या दोन रांगांना आलटून-पालटून चालू-बंद करते, गोल ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज वाढवतो, डायोड ते सरळ करतात आणि उणे-अधिक तीस व्होल्टच्या दोन रेषा तयार होतात. तीस व्होल्टांतून त्याच चार ओहमला शंभर वॅटच्या पुढे जाता येतं. पत्तीच्या जागी मॉस्फेट आले, सेकंदाला शंभरएक वेळा होणारी थरथर हजारोंच्या घरात गेली, पण काम व्हायब्रेटरचंच. बिघाडही त्याच जातीचा: मॉस्फेट शॉर्ट झाला की फ्यूज उडतो.

तिसरी पायरी निळ्या तारेची, आणि ती मधल्या काळाची खूण. पिवळी तार कायमच्या सप्लायची, लाल किल्लीनंतरच्या सप्लायची, काळी अर्थची, हे रंग कारटेपवाल्याला पाठ असतात. निळी मुळात मोटरने वर येणाऱ्या अँटेनासाठी होती. रेडिओ लावला की तिच्यात बारा व्होल्ट येत आणि अँटेना वर चढे. पुढे अँप्लिफायरला जागं करण्याचा निरोपही अशाच तारेवरून जाऊ लागला आणि त्यासाठी पांढऱ्या रेघेची वेगळी निळी तार आली. काही सेटमध्ये साधी निळी तार फक्त रेडिओ चालू असतानाच जिवंत असते. तिथे अँप्लिफायर जोडला तर रेडिओवर आवाज येतो आणि सीडी किंवा पेन ड्राइव्ह लावला की अँप्लिफायर मरतो. अँप्लिफायर उघडून बसलेल्याला हा दोष कधीच सापडणार नाही. म्हणून बॅटरी आणि अर्थ ठीक निघाले की तिसरा हात रिमोटच्या तारेवर जातो. पिवळ्या तारेतून एक छोटा तुकडा घेऊन रिमोटच्या स्क्रूला क्षणभर टेकवायचा. दिवा लागला तर डबा निर्दोष आणि चौकशी डॅशबोर्डकडे वळते.

हे सगळं करूनही डबा गप्प राहिला तर चौथ्या पायरीवर, शेवटी, तो टेबलावर येतो. स्पीकरच्या आणि सिग्नलच्या तारा सोडवलेल्या असतात. मल्टिमीटर आता खऱ्या कामाला लागतो: डायोडच्या खुणेवर ठेवून मॉस्फेटच्या पायांवर टोकं टेकवली आणि बझर अखंड वाजला तर त्या रांगेतला किमान एक शॉर्ट आहे. कच्चा माणूस तेवढाच बदलतो. अनुभवी माणूस पूर्ण रांग एकाच जातीच्या मालाने बदलतो, गेटजवळचे रोध आणि त्यांना चालवणारे छोटे ट्रान्झिस्टर तपासतो, आणि मॉस्फेट का गेला हे शोधायला पलीकडे जातो: सरळ करणारे डायोड, त्यापुढचे आउटपुट ट्रान्झिस्टर, त्यांच्याखालचा अभ्रकाचा पत्रा फाटलेला तर नाही ना. मग सप्लाय देण्याआधी फ्यूजच्या जागी हेडलाइटचा बल्ब. बल्ब भपकन पेटून तसाच राहिला तर आत अजून शॉर्ट आहे, पण बल्बने करंट अडवल्यामुळे नवे मॉस्फेट वाचले. क्षणभर पेटून मंदावला तर कॅपॅसिटर भरले आणि डबा जागा झाला. टेस्ट लॅम्पच्या काळातला बल्ब सर्वात नव्या यंत्राच्या दुरुस्तीत असा पहारेकरी म्हणून उभा आहे. माझ्या मांडणीचा याहून चांगला साक्षीदार मला दिसत नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की हा क्रम इतिहासातून आलेला नाही, साध्या तर्कातून आला आहे. सोपं आणि बाहेरचं आधी, अवघड आणि आतलं नंतर, असं कंपनीचं माहितीपत्रकही सांगतं. आक्षेपात तथ्य आहे. शिवाय क्रम तंतोतंत जुळतही नाही. आउटपुट ट्रान्झिस्टर बूस्टरच्या काळातले, म्हणजे गाडीतल्या मॉस्फेट-सप्लायपेक्षा जुने, तरी त्यांची पाळी शेवटी येते. पण माहितीपत्रक ‘व्होल्टेज तपासा’ म्हणतं. भार देऊन तपासा म्हणत नाही. पत्रा घासा म्हणतं. ग्रीस लावा म्हणत नाही. फ्यूज बदला म्हणतं; त्याजागी बल्ब लावा म्हणत नाही. तर्क सगळीकडे एकच असतो, पण तर्काला धार देणाऱ्या या सवयी बॅटरीच्या, पावसाच्या आणि महाग सुट्या भागांच्या आहेत. नवा मॉस्फेट आणायला मुंबईचा लॅमिंग्टन रोड गाठायचा किंवा ताम्हिणी चढून पुण्याची तापकीर गल्ली, तेव्हा एकही भाग विनाकारण जाळणं परवडत नाही.

याच मुद्द्यावरून दुसरा आक्षेप निघतो: भाग मुंबई-पुण्याचे, यंत्रं परदेशी, मग माणगावचं यात काय? माझ्या मते बिघाड माणगावचा. चौपदरीकरण वर्षानुवर्षं रखडलेल्या या महामार्गाने गाड्यांना जे हादरे दिले त्यातून सैल झालेले जोड आणि तडकलेलं सोल्डर ही इथली रोजची केस. पट्टीवर काही दिसत नाही, टेबलावर अँप्लिफायर बरोबर चालतो, गाडीत बसवला की बंद. मग भिंगाने एकेक जोड बघायचा, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हळूच ठोकायचं, अंगठीसारखी बारीक चीर दिसली की ताजं सोल्डर द्यायचं. ज्ञान जिथे तयार होतं तिथे कारखाना असावाच लागतो असं नाही. तिथे बिघाड पुरेसे असावे लागतात.

तिसरा आक्षेप सर्वात गंभीर आहे आणि तो मी मान्य करूनच पुढे जातो. ज्या अँप्लिफायरांचं कौतुक चाललं आहे त्यांनीच गावोगाव टेम्पोंवर स्पीकरच्या भिंती उभ्या करून लोकांची झोप आणि कान खराब केले. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही त्यांची मर्यादा. १८ जुलै २००५ ला सर्वोच्च न्यायालयाने रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धकांवरचे निर्बंध ठामपणे उचलून धरले. हे निर्बंध योग्यच आहेत. पण कर्कशपणा हा दुरुस्तीच्या कलेचा परिणाम नाही. अपुऱ्या सप्लायवर आणि दोन ओहमपेक्षा खाली ओढलेल्या भारावर चालवलेला अँप्लिफायर लाटांचे माथे कापतो. कानाला टोचतो तो हाच फाटका आवाज, आणि स्पीकर आणि मॉस्फेट जाळतो तोही हाच. करंटची आणि भाराची समज असलेला कारागीर ‘एवढ्यावर एवढंच’ असं सांगू शकतो. धंद्यातली ही समज गेली तर आवाज कमी होणार नाही, फक्त जास्त फाटेल.

चौथा आक्षेप भविष्याचा: नव्या गाडीत स्क्रीन, अँप्लिफायर, स्पीकर सगळं कंपनीतूनच येतं, निळ्या तारेऐवजी निरोप गाडीच्या डिजिटल जाळ्यावरून जातो, पट्ट्या डोळ्याला न दिसणाऱ्या भागांनी भरलेल्या असतात आणि स्वस्त अँप्लिफायर दुरुस्त करण्यापेक्षा नवा घेणं परवडतं. वरच्या दोन पायऱ्यांपुरतं हे खरं आहे. रिमोटची तार आणि मॉस्फेटची रांग यांचं काम कमी होत जाईल. खालच्या दोन पायऱ्यांना मात्र धक्का लागलेला नाही. विजेवर चालणाऱ्या गाड्यांतही शेकडो व्होल्टच्या मोठ्या बॅटरीसोबत दिवे, कुलपं आणि स्क्रीन चालवायला साधारणपणे १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते आणि तिची परतीची वाट पत्र्यातूनच जाते. ती उतरली किंवा तिच्या टोकावर कळंक चढला, की लाखोंची गाडी जागची हलत नाही. अशी गाडी पावसाळ्यात माणगावच्या चौकात अडली तर तिच्या बॅटरीच्या टोकाला पहिल्यांदा टेकेल ती एकवीस वॅटच्या बल्बची टोचणीच.